छऱ्याची बंदूक आणि वीस ज्यूल



पेण आणि रोहा या आपल्या दोन तालुक्यांत बंदूक म्हटली की तीन निरनिराळ्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक पोलिसांची. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस देवाला सशस्त्र मानवंदना देतात, ती रोहेकर वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. दुसरी ठासणीची किंवा काडतुसाची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. तिचा कागद अलिबागला जिल्हाधिकारी कचेरीतून येतो, आणि निवडणूक लागली की ती पुष्कळदा ठाण्यात जमा करावी लागते. तिसरी छऱ्याची. जत्रेत फुगे फोडायला असते ती, आणि आंब्याच्या वाडीत खोपटाच्या आढ्याला टांगलेली असते तीही. पहिल्या दोन बंदुकांविषयी कायदा काय म्हणतो हे लोकांना ढोबळमानाने ठाऊक असते. तिसरीचे कायदेज्ञान मात्र ‘परवाना लागत नाही’ या तीन शब्दांत आटोपते. हे तीन शब्द चुकीचे नाहीत, पण अर्धे आहेत. परवान्यातून मिळालेली सूट एका आकड्यावर उभी आहे आणि तो आकडा बंदुकीवर कुठे दिसतच नाही, हे माझे आजचे मुख्य म्हणणे. त्याला जोडून दुसरे असे, की बाळगण्याची सूट आणि झाडण्याची मुभा या दोन गोष्टींची आपण सरमिसळ केली आहे.

आधी कायदा पाहू. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात अग्निशस्त्राची व्याख्या करताना ‘स्फोटक किंवा अन्य प्रकारची ऊर्जा’ वापरून काहीही फेकणारे शस्त्र, अशी मोकळी भाषा आहे. म्हणजे अग्नी नसला तरी चालतो. दाबलेली हवा हीसुद्धा ‘अन्य प्रकारची ऊर्जा’च. व्याख्येच्या दारातून छऱ्याची बंदूक आत येते, आणि मग सरकार तिला सवलतीच्या खिडकीतून बाहेर सोडते. पूर्वी या सवलतीची कसोटी लाकडी फळीची होती: ठरावीक अंतरावरून छरा मारायचा आणि तो फळी भेदून पार जातो का ते पाहायचे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी फळी बाजूला ठेवून भौतिकशास्त्र आणले. नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर परवाना हवा. बाजारात ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात ती साडेपाच मिलिमीटरची बंदूक त्यामुळे परवान्यात अडकते, मग तिचा जोर कितीही कमी असो. शास्त्र म्हणून फळीपेक्षा ज्यूल बरा, यात वाद नाही. पण फळीचा एक गुण होता. ती सुताराकडे मिळत असे आणि भोक पडले की पडलेले सगळ्यांना दिसत असे.

वीस ज्यूल म्हणजे किती, हे हातात धरून पाहण्यासारखे आहे. छरा शिशाचा, मऊ, डमरूसारखा कमरेत बारीक आणि मागून पोकळ घाघऱ्यासारखा असतो. वजन साधारण अर्धा ग्रॅम. तळहातावर ठेवला तर जाणवतही नाही. या अर्ध्या ग्रॅमला वीस ज्यूल ऊर्जा द्यायची, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर होतो, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या घरात. माणसाची कातडी भेदायला अशा छऱ्याला सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग पुरतो, डोळ्याला त्याहून बराच कमी. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून शंभर मीटरला लागणारी ऊर्जा जेमतेम अडीच ज्यूल भरते. सवलतीची रेषा इजेच्या रेषेच्या आठपट वर आखलेली आहे. यावरून रेषा चुकली असे मी म्हणत नाही. काठी, कोयता, विळा यांनाही परवाना लागत नाही आणि त्यांनी माणूस मरू शकतो. पण ज्याला घरोघर ‘खेळण्यातली बंदूक’ म्हणतात ती वस्तू खेळण्याच्या जातीची नाही, एवढे या हिशेबातून निघते.

इतर देशांत काय केले, तेही पाहावे. इंग्लंडमध्ये १९६९ पासून रायफलीसाठी मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सव्वासोळा ज्यूल. जर्मनीत साडेसात. ऑलिंपिकमधल्या दहा मीटरच्या एअर रायफली याच साडेसातच्या आसपास असतात, आणि तेवढ्या जोरावर अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले. त्या खेळात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला जोर लागत नाही, श्वास लागतो. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला, नेमबाज सुमा शिरूर यांनी ‘लक्ष्य’ क्लबमधून मुलांना हेच शिकवले. तेव्हा खेळाला वीस ज्यूलची गरज आहे हा युक्तिवाद टिकत नाही, आणि बंधने आली तर खेळ मरेल ही भीतीही तितकीशी खरी नाही.

जर्मनीच्या आकड्यापेक्षा मला तिथला शिक्का जास्त महत्त्वाचा वाटतो. साडेसात ज्यूलच्या आतल्या प्रत्येक बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेले असते. अठरा वर्षांवरील कोणीही ती विकत घेऊ शकतो, परवाना नाही. पण शिक्का नसला, तर सवलत नाही. शिपायाला ज्यूल मोजावे लागत नाहीत, अक्षर पाहावे लागते. आपल्याकडे याच्या उलट आहे. रोह्याच्या एखाद्या वाडीत पोलिसाने छऱ्याची बंदूक हातात घेतली, तर ती अठरा ज्यूलची की सव्वीसची हे त्याला कळायला मार्ग नाही. दुकानदार खोक्यावरचे वाचतो, आणि खोक्यावर पुष्कळदा वेग लिहिलेला असतो, तोही हलक्यात हलका छरा घालून मोजलेला, कारण त्याने आकडा फुगतो. त्यात आता हवा भरून ठेवायच्या टाकीची, ‘पीसीपी’ म्हणतात ती, बंदूक आली. मोडून चापायच्या जुन्या बंदुकीतही स्प्रिंग बदलता येते, पण पीसीपीत नुसता स्क्रू फिरवून जोर वाढतो. विकली तेव्हा कायदेशीर, महिन्याने बेकायदा, आणि बाहेरून दोन्ही वेळा सारखीच. ज्या मर्यादेचा भंग पकडताच येत नाही, ती प्रामाणिक माणसालाच तेवढी लागू होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मग सरसकट परवानाच लावा. स्कॉटलंडने लावला. २००५ मध्ये ग्लासगोत दोन वर्षांचे मूल छऱ्याने दगावले, त्यावर दहा वर्षे चर्चा झाली, आणि ३१ डिसेंबर २०१६ पासून तिथे प्रत्येक एअरगनला परवाना लागतो. तो लागू होण्याआधी हजारो लोकांनी आपल्या बंदुका आपणहून पोलिसांत जमा केल्या. उदाहरण चांगले आहे, पण आपल्याकडे ते जसेच्या तसे आणू नये. पेण आणि रोहा रायगड पोलीस अधीक्षकांच्या हद्दीत, तर शेजारचे पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात. परवाना देणारा अधिकारीही त्याप्रमाणे बदलतो. पीकसंरक्षणाच्या परवान्यांसाठी शेतकऱ्यांच्या अलिबागला किती खेपा होतात हे या सभागृहातल्या अनेकांना माहीत आहे. त्याच खिडकीवर नेमबाजी शिकणारी आठवीतली मुलगी उभी करून काय साधणार? शिवाय परवान्याच्या बाबतीत आपल्याला एक जुनी अढी आहे आणि ती निराधार नाही. १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. पुढच्याच वर्षी शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले. मात्र नोंद आणि शिक्का यांना निःशस्त्रीकरण म्हणता येणार नाही. स्कूटरला नंबरप्लेट असते म्हणून कोणी पारतंत्र्यात जात नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो वजनदार आहे. वानरांच्या टोळ्या आंबा, केळी, वालाच्या शेंगा काही ठेवत नाहीत. रात्री रानडुकरे. अशा माणसाला भौतिकशास्त्र सांगणे हा उद्धटपणा आहे. पण इथेच ती सरमिसळ नडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्याबरोबर जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे यांनाही कवेत घेते. शस्त्राच्या व्याख्येत फासा, जाळे, चाकूसुद्धा आहेत. तिथे ज्यूलचा प्रश्नच येत नाही. परवान्याशिवाय घेतलेल्या कायदेशीर बंदुकीने वानराला, बगळ्याला, पाणकोंबडीला छरा मारला, तर गुन्हा पुरा होतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अनुसूची एकमधला प्राणी असेल तर याहून बरीच जास्त. कर्नाळा आणि फणसाड ही दोन अभयारण्ये आपल्या उशापायथ्याशी आहेत, पण कायदा अभयारण्याच्या कुंपणाशी थांबत नाही. उपयोगाच्या बाजूनेही छऱ्याचा हिशेब जमत नाही. वीस ज्यूल रानडुकराला मारू शकत नाहीत, फक्त जखमी करतात, आणि जखमी डुक्कर पुढच्या बांधावरच्या माणसाला भेटते. डुकरांसाठी वनखात्याची परवानगी आणि नुकसानभरपाई हे रस्ते आहेत. ते खडबडीत आहेत, हे मान्य. दुरुस्ती त्यांची मागायला हवी.

‘नुसते भ्यावे म्हणून मारतो’ असेही म्हटले जाते. आवाजापुरते म्हणून शेतात आलेले कार्बाइडचे पाइप २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात मुलांच्या हाती गेले, आणि भोपाळच्या रुग्णालयांत डोळे गमावण्याच्या बेतात आलेल्या मुलांची रांग लागली. शेतातली वस्तू शेतात राहत नाही. घरात भिंतीला टांगलेली छऱ्याची बंदूक मे महिन्याच्या सुट्टीत कोणाच्या हातात असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कायदा बदलण्याआधी समाज बदलू शकतो, याचा एक दाखला अरुणाचल प्रदेशातून येतो. तिथे शिकार ही परंपरा; छऱ्याच्या बंदुका घरोघर. मार्च २०२१ मध्ये राज्याने एअरगन समर्पण अभियान सुरू केले. सक्ती नव्हती. पुढच्या जानेवारीपर्यंत सोळाशेच्या वर बंदुका लोकांनी स्वतः आणून दिल्या. आपल्या भागात छऱ्याच्या बंदुकीने पाखरे टिपण्याची सवय तितकी खोल नसावी, म्हणजे आपले काम सोपे असायला हवे.

मागणी एवढीच, की वीस ज्यूलचा आकडा कारखान्यातच नळीवर कोरला जावा, आणि त्या शिक्क्याशिवाय सवलत नसावी. जोर वाढवून देणे हा धंदा करणाऱ्याचा वेगळा गुन्हा ठरावा, आणि जिल्ह्याला निदान एक वेगमापक यंत्र मिळावे. त्याची किंमत एका चांगल्या मोबाइलपेक्षा जास्त नसते. यातले पहिले काम दिल्लीचे आहे आणि त्याला वेळ लागेल. तोपर्यंत पेणच्या किंवा रोह्याच्या दुकानातून, नाहीतर मोबाइलवरून, कोणी छऱ्याची बंदूक घेणार असेल, तर त्याने बिलावर नळीचा व्यास आणि ज्यूल हे दोन आकडे लिहून मागावेत. दुकानदार लिहून देत नसेल, तर ती बंदूक घेऊ नये.