घोड्याची वंशावळ



आमच्या पनवेलवरून मुंबई-पुण्याचा रस्ता जातो. शर्यती हिवाळ्यांत महालक्ष्मीवर व पावसाळ्यांत पुण्यास होतात. म्हणून घोड्यांच्या गाड्या या वाटेनें ये-जा करितात. पैजेशीं मला कर्तव्य नाहीं. पण असा घोडा निपजवितात कसा, हें जाणण्याची जिज्ञासा माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास आहे.

घोडी अकरा महिने गाभण राहते व बहुधा एकच शिंगरूं देते. तें शर्यतींत उतरावयास आणखी दोन-तीन वर्षें लागतात. म्हणजे नर निवडण्यांत आज झालेली चूक उमगते ती चौथ्या वर्षीं. तोंवर घोडीच्या उमेदीचीं वर्षें त्याच चुकीवर खर्ची पडतात. 1943 सालीं महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली, ती देशांत निपजलेल्या घोड्यांसाठींच होती. तेव्हां ही निवड आपल्याकडेही महत्त्वाची आहे.

निवडीस आधार वंशावळीचा. इंग्लंडांत वेदरबी यानें 1791 सालीं घोड्यांच्या कुळांची नोंदवही छापावयास आरंभ केला. आजचे सारे थरोब्रेड घोडे पितृपरंपरेनें बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन नरांपर्यंत पोंचतात.

मग थोर पूर्वज सांपडला कीं काम झालें काय? साधें गणित करूं. आईबापांचा वांटा प्रत्येकीं निम्मा, आजा-आजींचा सरासरीनें चौथाई, त्यांच्या आईबापांचा आठवा. दहाव्या पिढींत 1024 स्थानें होतात. तेथील एका नांवासाठीं अधिक किंमत मोजण्यांत अर्थ नाहीं. पहिल्या तीन-चार पिढ्या पाहाव्या; त्यांतही घोडीचीं आधींचीं शिंगरें व तिचीं भावंडें कोणत्या अंतरावर धांवलीं, हें अधिक बारकाईनें पाहावें.

एकच पूर्वज बापाकडून तिसऱ्या व आईकडून चौथ्या पिढींत आला, तर त्याचें एकच जनुक दोन्हीं बाजूंनीं येण्याचा संभव साधारण चौसष्टांत एक असतो. हें प्रमाण वाढविलें, तर गुण स्थिर होण्याबरोबर दडलेला दोषही उघडा पडतो. आपल्याकडे सोयरीक जुळवितांना सगोत्र टाळतात, त्याची येथें आठवण होते.

माझ्या वर्गांत सख्खे भाऊ पुष्कळ आले. एक भूमितींत तरबेज, तर दुसऱ्यास साधा त्रिकोण वळेना. आईबाप तेच, पण प्रत्येकाच्या वांट्यास आलेलें निराळें. सख्ख्या शिंगरांचेंही असेंच. म्हणून कोणती जोडी जुळवावी, हें वंशावळीस विचारावें. शिंगरूं जन्मल्यावर मात्र त्याची छाती, पाय व चाल पाहावी, आणि बापाच्या नांवाचा मोह आवरावा.