टाळेबंदी आणि मनाचे उपचार



कोरोनाच्या आठवणी निघाल्या की प्राणवायूचे सिलिंडर, रुग्णालयातील खाटा आणि रेमडेसिव्हिरसाठीची धावाधाव यांविषयी सारेच बोलतात. त्याच दिवसांत आणखी एक रुग्णवर्ग घराघरांत अडकून पडला होता. त्याच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. कारण असे रुग्ण शेजारच्याच घरात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. एस.टी. थांबली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, बाह्यरुग्ण विभाग आक्रसले. औषधांची दुकाने उघडी होती हे खरे. परंतु मनोविकारांवरील औषधे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. जुनी चिठ्ठी संपलेली आणि डॉक्टर शे-दीडशे किलोमीटरवर, अशी अनेकांची स्थिती झाली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या गोळ्या खंडित झाल्या तर आजार उलटण्याचा धोका असतो, आणि तो बहुधा लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी दिसू लागतो. लिथियम घेणाऱ्याचे रक्त ठरावीक काळाने तपासावे लागते, कारण त्या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणेच अवघड झाल्यावर गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे घरच्यांनी कसे ठरवावे?

डॉक्टर इतक्या दूर का, याचे एक उत्तर तुटवडा हे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. म्हणजे महामारीपूर्वीच ही स्थिती होती. दुसरे उत्तर मात्र समाजाने स्वतःकडे पाहून द्यावयाचे आहे. जवळच्या शहरात मनोविकारतज्ज्ञ असूनही कित्येक कुटुंबे मुद्दाम परगावचा दवाखाना गाठत. ओळखीच्या माणसाने पायऱ्यांवर पाहू नये, मुलीच्या सोयरिकीत विघ्न येऊ नये, पेढीवर कुजबुज होऊ नये, एवढ्यासाठी हा प्रवास असे. टाळेबंदीत नेमकी हीच वाट बंद झाली. ई-पास मागावा तर कारण लिहावे लागे. शेजारच्या तरुणाने मधुमेहाच्या गोळ्या हसतमुखाने आणून दिल्या असत्या. पण ही चिठ्ठी त्याच्या हाती देण्याचा धीर होत नव्हता. वर्षानुवर्षे जपलेल्या गुप्ततेची किंमत अशा रीतीने रुग्णाने मोजली.

शासनाने टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि दूरध्वनीवरून सल्ला देणे सोपे झाले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतील औषधे दुरून लिहून देण्यास मनाई होती आणि चिंता व निद्रानाशावरील काही गोळ्या त्या यादीत येतात. गैरवापर टाळण्यासाठी हा निर्बंध योग्यच. तरी त्या काळी तो काहींना जाचला. त्याहून मोठी अडचण घरातलीच होती. दोन खोल्यांत सहा-सात माणसे दिवसभर एकत्र असताना सुनेने समुपदेशकाशी कोणत्या कोपऱ्यात बोलावे? जिच्याविषयी किंवा ज्याच्याविषयी बोलायचे, ती व्यक्ती चार हातांवर बसलेली.

हे केवळ इथलेच चित्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२० मध्ये १३० देशांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत किंवा खंडित झाल्या होत्या.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली. तोपर्यंत मंदिरेही बंदच होती. रोज दर्शनाला येणाऱ्या आजी चार दिवस दिसल्या नाहीत की एरवी कोणीतरी घरी चौकशीला जाई. त्या आठ महिन्यांत कोण खचले, कोणाचे जेवण-बोलणे तुटले, हे पाहणारी ती नजरच उरली नाही. किराणा व औषधे घरपोच देणारे उत्साही कार्यकर्ते होते. त्यांच्या यादीत मनाच्या औषधांची नोंद बहुधा कोणी करवली नसावी.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. दोन खोल्यांच्या घराचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. संस्थेच्या इमारतीत दार लावून घेता येईल अशी एक लहान खोली, दिवसातून दोन तास, कोण कशासाठी आले हे न विचारता उघडी ठेवता येईल. त्यास खर्च असा काही नाही.