दोघींचा खेळ

चुलीपाशी असाल तर हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे द्या. मागच्या वेळी आपण सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची ते बोललो होतो. आज बियाणं नाही, खत नाही, कर्जाचा हप्ताही नाही. आज आम्ही खेळाबद्दल बोलणार आहोत. त्यातही बॅडमिंटनबद्दल, आणि त्यातही दुहेरी बॅडमिंटनबद्दल.

विषय ठरवताना आमच्यातल्याच दोघीतिघी हसल्या. म्हणाल्या, "शेतातून येईस्तोवर दिवस मावळतो, आपल्याला कुठलं बॅडमिंटन?" बरोबर आहे. पण हा विषय घेण्याला कारण आहे आणि ते आमच्याच गावातलं आहे. ते शेवटी सांगतो. त्याआधी खेळ समजून घेऊ.

हा खेळ आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या पुण्याचाही आहे. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या छावणीत इंग्रज लष्करी अधिकारी तो खेळायचे. त्यावरून त्याला ‘पूना’ असंच नाव होतं. पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन नावाच्या एका मोठ्या वाड्यावरून आजचं नाव पडलं.

मैदान चव्वेचाळीस फूट लांब. एकेकटी खेळत असेल तर रुंदी सतरा फूट, दोघी दोघी खेळत असतील तर वीस फूट. मधे पाच फुटांची जाळी. आणि ते फूल! पक्ष्याची सोळा पिसं बुचात खोवलेली असतात, वजन जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे आपल्या भाषेत अर्धा तोळा. एकवीस गुणांचा एक डाव, तीनपैकी दोन डाव जिंकले की सामना जिंकला.

आता गंमत बघा. खेळणाऱ्या बाया झाल्या दुप्पट, आणि मैदान वाढलं फक्त तीन फूट. म्हणजे दुहेरीत जागा कमी, माणसं जास्त, आणि फूल सारखं वेगात. तिथं नुसतं जोरात मारून चालत नाही, दुसरी कुठे उभी आहे ते मागे न बघता कळावं लागतं. आपली जोडी हल्ला करत असेल तर एक पुढे जाळीपाशी आणि एक मागे. समोरून हल्ला आला की लगेच दोघी शेजारी शेजारी. सामनाभर ही अदलाबदल चालते. आणि सगळ्यात अवघड फूल कुठलं? दोघींच्या मधे येतं ते. हिला वाटतं ती घेईल, तिला वाटतं ही घेईल, आणि फूल खाली पडतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं. म्हणून मधलं फूल कोणाचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

आता या खेळात आयुष्य घालवलेल्या एका बाईची गोष्ट. तिचं नाव अश्विनी पोनप्पा. जन्म 1989 चा, बंगळुरूचा, घराणं कर्नाटकातल्या कोडगूचं. आमच्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून आम्ही तिला अश्विनीच म्हणतो. लहानपणापासून ती बॅडमिंटनच खेळली आणि मुलींच्या वयोगटात दुहेरीची विजेतेपदं मिळवत वर आली. तिचा हात भारी. मागून उडी मारून फूल खाली ठोकतात त्याला स्मॅश म्हणतात, आणि त्यासाठी ती ओळखली जाते.

पण दुहेरीत एकटीची गोष्ट सांगताच येत नाही. तिची पहिली मोठी जोडीदार ज्वाला गुट्टा. ज्वालाचा जन्म आपल्या वर्ध्याचा, 1983 सालचा. तिची आई येलन मूळच्या चीनच्या, त्या आपल्या आजोबांबरोबर सेवाग्रामला आलेल्या. वडील तेलुगू. ज्वाला हैदराबादेत वाढली आणि एस. एम. आरिफ या नावाजलेल्या प्रशिक्षकांकडे लहानपणापासून शिकली. अश्विनी भेटली तोवर ज्वाला देशातली नावाजलेली दुहेरीची खेळाडू झाली होती. ज्वाला डावखुरी, अश्विनी उजव्या हाताची. ज्वाला जाळीपाशी हुशार, अश्विनी मागून जोरकस. एकीत जे कमी ते दुसरीत होतं.

2010 साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. शेवटच्या दिवशी या दोघींनी सिंगापूरच्या जोडीला हरवून सुवर्णपदक घेतलं. महिला दुहेरीत राष्ट्रकुलचं सोनं आपल्या देशाला पहिल्यांदा मिळालं. त्याच दिवशी साईना नेहवालनेही एकेरीचं सोनं जिंकलं. पुढच्याच वर्षी, 2011 ला, लंडनमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोघी उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. तिथे चीनच्या जोडीकडून हरल्या, पण या स्पर्धेत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही बाजूंना कांस्य मिळतं, ते त्यांना मिळालं. त्याआधी या स्पर्धेत भारताकडे एकच पदक होतं, प्रकाश पदुकोण यांचं, 1983 सालचं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी दुसरं पदक आलं ते या दोघींच्या हातून.

मग आलं 2012, लंडनचंच ऑलिंपिक. एका गटात चार जोड्या, त्यातल्या दोन पुढे जाणार. पहिला सामना जपानशी, आपल्या मुली हरल्या. दुसरा तैवानशी, तीन डाव चालला, जिंकल्या. तिसरा सिंगापूरशी, सरळ जिंकल्या. आता भारत, जपान आणि तैवान, तिघांचे दोन दोन विजय झाले. मग कोण पुढे? तेव्हा प्रत्येक जोडीने किती गुण घेतले आणि किती दिले याचा हिशोब मांडला. त्या हिशोबात आपली जोडी फक्त एका गुणाने मागे पडली. बायांनो, तीन सामन्यांत शंभरावर गुण मिळवले आणि एका गुणाने घरी परत यावं लागलं. त्याच गटातून पुढे गेलेल्या जपानच्या जोडीने शेवटी रौप्यपदक नेलं.

आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या हिशोब लिहिणाऱ्या सईला आपली वही आठवली. एक रुपयाचा फरक आला तरी ती रात्री उशिरापर्यंत बेरजा करत बसते आणि आम्ही तिला हसतो. आता हसणार नाही.

याच्या पलीकडची एक गोष्टही सांगायला हवी. दुहेरीला मान कमी मिळतो. वर्तमानपत्रात फोटो एकेरीच्या खेळाडूचा, जाहिरात तिचीच, पैसाही तिकडेच. साधा हिशोब मांडतो. जगभरच्या बऱ्याच स्पर्धांत बक्षिसाची वाटणी ठरलेली असते. एकूण बक्षीस लाख रुपये धरलं, तर एकेरी जिंकणारीला साडेसात हजार मिळतात. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला सात हजार नऊशे, आणि ते दोघींनी वाटून घ्यायचे. म्हणजे एकीच्या हाती चार हजारही पुरते येत नाहीत. विमानाचं तिकीट मात्र दोघींना पुरतं काढावं लागतं.

2013 साली आपल्या देशात बॅडमिंटनची व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडूंचा लिलाव झाला. त्या वेळी स्पर्धेतून महिला दुहेरीचा सामनाच काढून टाकला, आणि या दोघींची ठरलेली मूळ किंमत पन्नास हजार डॉलरवरून निम्म्यावर आणली. दोन वर्षांपूर्वी जगात पदक आणलेल्या मुली त्या! ज्वालाने गप्प न बसता जाहीर नाराजी बोलून दाखवली. ती तोंडाची फटकळ आहे असं लोक म्हणत. बाई आपल्या कामाचा मोबदला मागायला लागली की तिला फटकळ म्हणतात, हे आपल्याला नवीन नाही. मजुरी वाढवून मागताना आपल्यालाही ऐकून घ्यावं लागलंय.

या सगळ्यातून दोघी खेळत राहिल्या. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुलमध्ये रौप्य, 2015 ला कॅनडातली स्पर्धा जिंकली, 2016 ला पुन्हा ऑलिंपिक, रिओचं. तिथे तिन्ही सामने हरल्या. त्यानंतर ती जोडी संपली.

जोडीदार गेली की दुहेरीच्या खेळाडूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सून नवीन घरात येते तेव्हा कसं, मीठ कुठे, डबा कुठे, कोणाला काय आवडतं, सगळं शिकावं लागतं. अश्विनीने एन. सिक्की रेड्डीबरोबर जोडी बांधली आणि 2018 च्या राष्ट्रकुलमध्ये कांस्य मिळवलं. तिथे भारताच्या संघाने सोनं जिंकलं, त्या संघातही ती होती. त्याआधी काही महिने तिचं लग्न झालं होतं. लग्न झालं म्हणून रॅकेट खुंटीला टांगली नाही.

2023 मध्ये तिने पुन्हा नवी जोडी बांधली, तनिषा क्रास्टोबरोबर. तनिषाचं कुटुंब गोव्याचं, जन्म दुबईचा, 2003 सालचा. म्हणजे दोघींत चौदा वर्षांचं अंतर. मावशी-भाचीच म्हणा. पण मैदानावर मोठी-लहान चालत नाही, मधलं फूल जिचं तिनेच घ्यायचं. त्या एका वर्षात दोघींनी फ्रान्समध्ये नांत, मग अबुधाबी आणि वर्षाअखेरीस गुवाहाटीची स्पर्धा जिंकली. 2024 ला पॅरिसच्या ऑलिंपिकला पोचल्या. अश्विनी तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि तिचं ते तिसरं ऑलिंपिक होतं. तिन्ही सामने हरल्या. शेवटच्या सामन्यानंतर हे आपलं अखेरचं ऑलिंपिक, असं सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर तिने हेही जाहीरपणे सांगितलं, की 2023 च्या नोव्हेंबरपर्यंत ती आपल्याच जोरावर स्पर्धा खेळत होती.

मग पदरात काय पडलं? ऑलिंपिक पदक नाही. पण आज केरळची त्रिसा जॉली आणि हैदराबादची गायत्री गोपीचंद या मुली दुहेरीच खेळायची असं ठरवून खेळतात, इंग्लंडातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धेत 2022 आणि 2023 अशी सलग दोन वर्षं त्यांनी उपांत्य फेरी गाठली. त्यांना "दुहेरीत काय ठेवलंय?" असं विचारणाऱ्याला दाखवायला ज्वाला-अश्विनीचं नाव आहे. वाट पाडणारीच्या पायात काटे जातात, मागून येणारीला ती वाट तयार मिळते.

आता आमच्या गावाची गोष्ट. हायस्कूलच्या पटांगणात सरांनी चुन्याचे पट्टे मारून, दोन बांबूंना जाळी बांधून मुलींना हा खेळ शिकवला. त्यातल्या दोन मुलींची जोडी छान जमली. तालुक्याला जिंकल्या, जिल्ह्याला गेल्या. दहावी झाली. त्यातल्या एकीच्या घरी म्हणाले, आता पोर मोठी झाली, सरावाला तालुक्याला जायचं, यायला संध्याकाळ होते, कोण सोबत जाणार? पुरे झाला खेळ. तिचा खेळ थांबला. दुसरीच्या घरी कोणाची ना नव्हती. तिचे वडील स्वतः सायकलवरून सोडायला तयार होते. पण जोडीदारच नाही म्हटल्यावर ती काय खेळणार? महिनाभर भिंतीवर फूल मारत राहिली, मग तीही थांबली.

आम्ही सगळ्या त्याच गावात होतो. पहिल्या मुलीची आई आमच्याच गटात आहे. दर महिन्याच्या बैठकीला ती शेजारी बसायची. आम्ही बचतीचे पैसे मोजले, सह्या केल्या, चहा प्यालो, आणि एकीनेही विषय काढला नाही. "त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला?" म्हणालो. तिला वाटलं गट बोलेल, गटाला वाटलं ती बोलेल. ते मधलं फूल होतं, आणि ते आमच्यामुळे पडलं. हे आज तुमच्यापुढे कबूल करतो.

यंदा शाळेत पुन्हा दोन मुलींची जोडी तयार झाली आहे. आठवीतल्या आहेत. या वेळी त्यांच्या आया काही बोलायच्या आधीच आम्ही बैठकीत विषय काढला. अडचण पैशाची नव्हती, सोबतीची होती. मग पाळ्या लावल्या. दर शनिवारी गटातल्या दोघी जणी मुलींना घेऊन तालुक्याला जातात. बाजार, बँकेचं काम त्याच फेरीत उरकतात आणि मुलींना घेऊन परततात. एसटीचं भाडं मुलींच्या घरचे देतात, आमचं आम्ही. ज्या आठवड्यात लावणी किंवा काढणी असते, त्या आठवड्यात ज्यांच्याकडे शेती नाही त्या जातात. चार महिने झाले, एकही पाळी चुकलेली नाही. आणि सांगायला आनंद वाटतो, की पहिल्या पाळीला जी आपणहून उभी राहिली, ती त्या आधीच्या मुलीची आईच होती.

या मुली ऑलिंपिकला जातील का? आम्ही तसं म्हणत नाही. पण खेळ सोडायचा की नाही हे त्यांनी ठरवावं, सोबत नाही म्हणून तो सुटू नये, एवढं आमच्या हातात आहे.

तर बायांनो, तुमच्या पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की एवढं विचारा. आपल्या गावात कुठल्या मुलीचं शिकणं, खेळणं, शिवणक्लासला जाणं फक्त सोबत नाही म्हणून अडलं आहे? तिच्या आईशी कोण बोलणार? आणि पहिली पाळी कोणाची? नावं तिथंच वहीत लिहून घ्या. नाहीतर ही म्हणेल ती जाईल, ती म्हणेल ही जाईल.

काय ठरलं ते आम्हाला कळवा, इथे वाचून दाखवू. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.