तिथे आपले कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी माझ्या पुतणीला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. पत्र आले तेव्हा पेढे वाटायचे सोडून मी विचारले, "अगं, पण तिथे आपले कोण?" त्या प्रश्नावर घरात खल झाला, मुदत टळली आणि पोर मुकाट्याने इथेच नोकरीला लागली. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळले, आपल्याच एका सभासद भगिनीची लेक त्याच शहरात राहते! तेव्हापासून माझाच प्रश्न मला टोचतो आहे.

अशा मनःस्थितीत मंगोलांचा इतिहास वाचनात आला. मंगोल म्हटले की चंगीझखानाच्या कत्तली आठवतात, आणि त्या खऱ्याच आहेत. १२२० साली त्याने बुखारा घेतले, शहर जळाले. त्या स्वारीत त्याचा धाकटा मुलगा तुलुई होता. या तुलुईची बायको सोरघाघतानी. १२३२ साली ती विधवा झाली; पदरात चार मुलगे. पुन्हा लग्न करण्याची सूचना तिने नाकारली व मुलांकडे लक्ष दिले. कुबलाईला शिकवायला तिने उइगुर शिक्षक ठेवला. ती स्वतः ख्रिस्ती; पण त्याच बुखाऱ्यात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मदरसा बांधायला तिने चांदीच्या १००० लगडी दिल्या, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली. त्या विद्यार्थ्यांचे तिथे कोण होते? ज्यांनी शहर जाळले, त्यांच्याच घरची सून!

तिच्या मुलांचे गुणदोषही पाहा. हुलागूने १२५८ साली बगदाद उद्ध्वस्त केले. आणि त्याच्याच आश्रयाने १२५९ साली मराघ्याला नसिरुद्दीन तुसीची वेधशाळा सुरू झाली. तिथे एका चिनी विद्वानाने तुसीला आपली कालगणना समजावून दिली. इकडे १२६७ साली जमालुद्दीन या इराणी ज्योतिर्विदाने कुबलाईच्या दरबारी वेधयंत्रे सादर केली. त्यांत पृथ्वीचा गोलही होता.

एवढ्या लांब माणसे जात कशी? ओगदाईखानाने मजलेमजलेवर ठाणी बसवली होती. पायझा नावाचे ओळखपट्ट दाखवले की ताजा घोडा, जेवण, निवारा मिळे. पण हा खर्च ठाण्याभोवतीच्या गरीब कुटुंबांवर पडे. राजघराण्यातले लोक व व्यापारी फुकट घोडे घेऊ लागले, तेव्हा मंगूखानाला त्यांना आवर घालावा लागला. ओझे वाटून घेतले तरच वाट चालू राहते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंचे घर त्यांच्यासाठी उघडे होते. प्रवेशाचे पत्र म्हणजे पायझा. पण पायझाने पोट भरत नाही, ठाणे लागते.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाने एक वही घालावी. कोणाची लेक, सून, भाचा कुठल्या गावी आहे, नव्या मुलीला पहिले आठ दिवस कोण ठेवून घेईल, अर्ज भरायला कोण मदत करील, हे तीत लिहावे. मात्र त्यांना आधी विचारावे, आणि दर वेळी एकाच घरावर भार टाकू नये.

वही मी आणली आहे. टोरांटोच्या भाच्याला विचारून पहिल्या पानावर त्याचा पत्ता लिहिला आहे. पुतणीने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. चहाच्या वेळी वही टेबलावर असेल. भगिनींनो, दुसरे पान कोण लिहिणार?