शेरा कोणासाठी?

(मौदा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणातील मुख्य भाग)



आपण केलेले काम कसे झाले, हे नोकरी करणाऱ्या माणसाला कोठे आणि केव्हा कळते? प्रश्न साधा वाटतो, परंतु कामाच्या जागी सत्ता कोणाची, याचे उत्तर त्यात दडलेले असते. शिक्षक उत्तरपत्रिका तपासून विद्यार्थ्याला त्याच्या चुका दाखवतो. ती कुलपात ठेवून केवळ नापास झाल्याचे सांगितले, तर त्याला कोणी शिक्षण म्हणणार नाही.

सरकारी कचेरीत मात्र कित्येक दशके हेच चालले. वर्षअखेरीस वरिष्ठ 'गोपनीय अहवाल' लिहीत. प्रतिकूल शेरा तेवढा संबंधिताला कळवायचा, बाकीचा अहवाल कपाटात राहायचा, अशी रीत होती.

या रीतीतील अन्याय देव दत्त यांच्या खटल्यात उघडा पडला. ते सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी पाच वर्षांचे अहवाल 'फार चांगला' या दर्जाचे असणे आवश्यक होते. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना 'चांगला' असा शेरा मिळाला. 'चांगला' हा शब्द प्रतिकूल नव्हे, म्हणून तो कळवला गेला नाही. आणि त्याच शब्दाने त्यांची बढती अडवली! शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी दिला. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. संपूर्ण अहवाल दाखवून १५ दिवसांत अभिवेदन करू देण्याचा आदेश केंद्र सरकारने २००९ साली काढला. पुढे २०१३ साली सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायालयाचे हेच तत्त्व कायम केले.

यावर आक्षेप असा की, अहवाल उघड झाला की अधिकारी भिडेपोटी सर्वांनाच 'उत्कृष्ट' लिहितात. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय पुन्हा कुलूप लावणे हा नव्हे, तर शेऱ्यामागचे कारण व काम नोंदवणे हा होय. जो शेरा समोर ठेवून समर्थन करता येत नाही, तो लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता कचेरीबाहेर येऊ. आपल्या मौद्यात २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोणत्याही मोठ्या उद्योगात आज कायम नोकर आणि कंत्राटी कामगार खांद्याला खांदा लावून राबतात. कायम नोकराचा वार्षिक अहवाल असतो. कंत्राटी कामगाराचे काय? मुकादमाची शाबासकी किंवा शिवी, एवढाच त्याचा अहवाल. पुष्कळदा अखेरचा शेरा त्याला फाटकावर कळतो, गेटपासचे नूतनीकरण झाले नाही तेव्हा. त्याने काय चुकवले, हे सांगणारा कोणी नसतो. कंत्राटदार मूळ मालकाकडे बोट दाखवतो आणि मूळ मालक कंत्राटदाराकडे.

कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच मान्य केले होते. दंड करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकावे, हे तर १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातही होते. चार आणे कापताना ज्याला विचारायचे, त्याची भाकरी काढून घेताना विचारायचे नाही, हा कोणता न्याय?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकाच्या कामाचे मूल्यमापन लेखी व मराठीत, त्याच्या हाती द्यावे. त्यावर उत्तर देण्याची मुदत असावी. आणि काम थांबवण्याचे कारण मूळ मालकाच्या सहीने मिळावे. सुरक्षेची साधने, कामाचे तास, देखरेख यांविषयी कामगारालाही वरिष्ठांबद्दल शेरा लिहिता आला पाहिजे. मूल्यमापन एकाच दिशेने वाहत असेल, तर ती केवळ हुकमत ठरते.

कार्यकर्त्यांनी सुरुवात आपल्या गावापासून करावी. यंदा कोणाचे काम थांबले आणि त्याला कारण कोणी सांगितले, याची वही घाला. त्या वहीतील कोऱ्या जागाच आपल्या मागणीचा पुरावा ठरतील.