उन्हाळ्यात गवत कापणी यंत्राला कोणते ऑईल घालावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बांधावरचे गवत, फळबागेतील तण आणि जनावरांचा हिरवा चारा कापण्यासाठी पेट्रोल इंजिनवर चालणारी यंत्रे आता गावोगाव दिसतात. उन्हाळ्यात मजूर मिळत नाही आणि दुभत्या जनावरांना चारा तर रोज हवा. अशा ऐन वेळी इंजिन जाम झाले तर सिलिंडर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड अशा सर्वांचाच खर्च अंगावर पडतो. म्हणून आज मी फक्त या इंजिनच्या ऑईलविषयी बोलणार आहे.

मागे एका शेतकऱ्याने जाम झालेले नवे कोरे यंत्र दाखवायला आणले होते. त्यांचे जुने यंत्र टू-स्ट्रोक होते. त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. नव्या यंत्रातही त्यांनी सवयीने तेच केले. पण नवे यंत्र होते फोर-स्ट्रोक. त्याच्या ऑईलची जागा वेगळी असते आणि विक्रीच्या वेळी ती बहुधा रिकामी असते. इंजिन पहिल्याच दिवशी कोरडे चालले आणि बसले. तेव्हा आपले यंत्र टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हे आधी पाहावे. टू-स्ट्रोकला टू-टी ऑईलच वापरावे आणि पुस्तिकेत दिलेले प्रमाण पाळावे. १ लिटर पेट्रोलला १:५० प्रमाणात २० मिली, १:४० प्रमाणात २५ मिली आणि १:२५ प्रमाणात ४० मिली ऑईल लागते. अंदाजाने ओतू नये.

आता फोर-स्ट्रोककडे वळू. ऑईलच्या डब्यावर एसएई ३०, १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. हे आकडे ऑईलचा दाटपणा सांगतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहते हे दाखवतो. पलीकडचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला किती दाटपणा टिकतो हे दाखवतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या दुसऱ्या आकड्याला महत्त्व आहे. एसएई ३० सारख्या एकेरी आकड्याच्या ऑईलमध्ये डब्ल्यूचा आकडा नसतो.

या लहान इंजिनांना रेडिएटर नसतो. सिलिंडरवरच्या पाकळ्यांवरून वाहणारी हवा त्यांना थंड करते. हवाच ४२ अंशांची असेल तर इंजिन अधिक तापते, ऑईल पातळ होते आणि थोडे थोडे जळतेही. १०डब्ल्यू-३० हे वर्षभर चालणारे ऑईल आहे व अनेक कंपन्या तेच सुचवतात. मात्र कडक उन्हात हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ते अधिक खर्च होऊ शकते. म्हणून पुस्तिकेतील तापमानाच्या तक्त्यात एसएई ३० ला मान्यता असेल, तर उन्हाळ्यापुरते ते घालणे चांगले. १०डब्ल्यू-३० एवढेच सांगितले असेल तर तेच वापरावे, पण पातळी वरचेवर तपासावी.

"ऊन जास्त, म्हणून ऑईल जाड" असा अनेकांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ढकलून चालवायच्या बऱ्याच यंत्रांच्या इंजिनात ऑईलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला जोडलेली लहानशी पळी ऑईल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सारे वंगण चालते. ऑईल गरजेपेक्षा जाड असेल तर सकाळी इंजिन सुरू करताना ते सर्वत्र लवकर पोचत नाही. मोटरसायकलचे २०डब्ल्यू-४० गावच्या दुकानात सहज मिळते, पण पुस्तिकेत तो आकडा असेल तरच ते घालावे. गिअर ऑईल इंजिनमध्ये कधीही घालू नये. त्यावरचे ९० किंवा १४० हे आकडे वेगळ्या मोजपट्टीचे असतात. त्यांची इंजिन ऑईलच्या आकड्यांशी तुलना होत नाही.

दाटपणाबरोबर डब्यावरचा एपीआय दर्जाही वाचावा. पेट्रोल इंजिनच्या ऑईलवर एसजे, एसएल, एसएन अशी अक्षरे असतात. पुस्तिकेत सांगितलेला किंवा त्यापुढचा दर्जा घ्यावा.

योग्य ऑईल घेतले तरी पातळी राखणे आपल्याच हातात आहे. खांद्यावरच्या लहान फोर-स्ट्रोक यंत्रात जेमतेम १०० मिली ऑईल बसते. त्यातले ३० मिली जळाले तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला! म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागेवर ठेवून पातळी पाहावी. खुणेच्या वरही भरू नये. जास्त ऑईलने धूर होतो आणि प्लग खराब होतो.

ऑईल केव्हा बदलावे, हे दिवसांवर नव्हे तर तासांवर ठरते. काही इंजिनांना पहिला बदल ५ तासांनी, तर काहींना २० तासांनी सांगितलेला असतो. पुढचे बदल ५० किंवा १०० तासांनी असतात. धुळीत व उन्हात काम असेल तर ही मुदत कमी करावी. रोज ३ तास यंत्र चालले तर ५० तास अवघ्या १७ दिवसांत भरतात. म्हणजे "वर्षातून एकदा बदलतो" हा हिशेब उन्हाळ्यात उपयोगाचा नाही. घरातील दिनदर्शिकेवर रोजचे तास लिहून ठेवावेत.

ऑईल बदलताना इंजिन ५ मिनिटे चालवून बंद करावे व प्लगची टोपी काढावी. कोमट ऑईल गाळासकट निघून येते. नुसते काळे झालेले ऑईल पाहून घाबरू नये, कारण चांगले ऑईल काजळी आपल्यात धरून ठेवते. मात्र ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजून लगेच बदलावे. काढलेले ऑईल शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक पुस्तिकांतील तापमानाचा तक्ता ४० अंशांच्या आसपास संपतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव भागात मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. त्या दुपारी कितीही भारी ऑईल घातले तरी इंजिनवर ताण येणारच. म्हणून कापणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी, पाकळ्यांत अडकलेले गवत रोज काढावे आणि एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा. दुपारची विश्रांती बैलाला देतो, तशीच यंत्रालाही द्यावी.

आज घरी गेल्यावर यंत्राची पुस्तिका शोधा, तापमानाचा तक्ता पाहा आणि ऑईलची पातळी तपासा, एवढीच माझी विनंती आहे.