रांगेत शिकलेलं

अमेरिकेत मेडिकलला अर्ज करताना रुग्णांमध्ये काय काम केलंत हे लिहावं लागतं. आपल्याकडे नीटचे ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. आजाऱ्याजवळ कधी बसलात का, हे कुणी विचारत नाही.

मी दिल्लीत करोल बागेत वाढले. विटा-खानापूरकडून सोन्याच्या गलाईसाठी आलेली बरीच घरं तिथे आहेत. पहिल्या नीटला गुण कमी पडले, मी ड्रॉप घेतला. त्याच वर्षी गावाकडचे एक काका तपासायला आले. त्यांना हिंदी जेमतेम, बाबांना दुकान सोडवेना, म्हणून एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी सोबत गेले.

पहाटेपासून रांग. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी रोज घेता ना? काका हळूच म्हणाले, "घेरी आली की घेतो. पण सांगू नकोस गं, रागावतील." मी म्हटलं, "हाँ सर, रोज़।" डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि दुसरी गोळी वाढवून लिहायला लागले. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी खरं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. पेन खाली ठेवून विचारलं, "क्यों नहीं लेते?" काकांचं उत्तर साधं होतं: काही दुखत नाही, मग कशाला?

हे मला कुठल्याच मॉक टेस्टनं विचारलं नव्हतं.

मग आठवड्यातली एक सकाळ मी तिकडे द्यायला लागले. आई म्हणायची, याचे गुण कोण देणार? कुणीच नाही, आणि यानं माझं फिजिक्सही सुधारलं नाही. सेवाग्रामच्या १९६९ साली सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजात नीटच्या आधी प्रवेशाला गांधीविचारांचा पेपर असायचा. तोही गेला. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून रुग्ण भेटतो, पण प्रवेश मिळाल्यावर.

जायचं असेल तर आधी तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. फॉर्म भरा, रांग धरा, रिपोर्ट आणून द्या. रुग्ण जे बोलेल तेच डॉक्टरांना सांगा, आपल्या पदरचं घालू नका, गाळूही नका. औषधाचा सल्ला तर अजिबात देऊ नका. आणि दोन पेनं न्या. एक हमखास कुणीतरी मागून नेतं.